डोक्याच्या दुखापतीनंतर घरी आलेल्या आजोबांसाठी २४ तासांची मदतनीस

मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोकडून बाई ठेवताना पगाराइतकेच तिच्या झोपेचेही आधी ठरवावे, कारण असे रुग्ण बरेचदा रात्री अधिक गोंधळतात आणि आधाराशिवाय उठू पाहतात. सुरुवातीला घरच्या एकाने सोबत राहून भरवण्याची पद्धत दाखवावी: पाठ ताठ, मान मागे कललेली नाही, घास लहान, आधीचा गिळल्याची खात्री झाल्यावरच पुढचा, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करू नये. पाण्याने ठसका लागत असेल तर स्पीच थेरपिस्टला (बोलण्या-गिळण्याच्या तज्ज्ञाला) दाखवावे. खोकल्याचे औषध हा त्यावर उपाय नव्हे. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी. चिडचिड बहुधा दुखापतीमुळेच असते, म्हणून वाद घालू नये. गुंगी वाढली, वारंवार उलट्या झाल्या किंवा फिट आली तर लगेच १०८ क्रमांकावर फोन करावा.