गोचिडीचा ताप आणि मेंदूचा एमआरआय: या चुका टाळा

"एमआरआय नॉर्मल आलाय, मग बाबांना घरी नेऊ ना?" तापात बरळणाऱ्या रुग्णाचे नातेवाईक स्कॅन झाल्यावर हमखास हा प्रश्न विचारतात. बडोद्यात रेडिओलॉजी करताना मला सगळ्यात जास्त धास्ती याच प्रश्नाची वाटते. गोचिडीतून पसरणारा विषाणू मेंदूपर्यंत पोचलेला असतानाही एमआरआय स्वच्छ दिसू शकतो, आणि असं क्वचित घडतं असंही नाही. युरोपात टिक-बॉर्न एन्सेफलायटिस नावाचा मेंदूज्वर गोचिडीमुळे होतो. जर्मनीत १९९४ ते १९९८ या काळातल्या त्याच्या ६५६ रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या ज्यांचा एमआरआय काढला, त्यांच्यापैकी जेमतेम १८ टक्के लोकांच्या मेंदूत बदल दिसले. बाकीच्यांना आजार नव्हता का? होताच. तो पाठीतल्या पाण्याच्या आणि रक्ताच्या तपासणीतून कळला.

नॉर्मल रिपोर्टवरून एवढंच समजतं की त्या दिवशी डोळ्यांना दिसेल असा बदल मेंदूत नव्हता, आणि गाठ, पू, मोठा रक्तस्राव यांसारखी दुसरी कारणंही दिसली नाहीत. ही माहिती मोलाची आहे. पण रुग्ण माणसं ओळखत नसेल, हात थरथरत असतील, मान आखडली असेल, तर घरी न्यायचं की नाही हे त्याच्याकडे बघून ठरवायचं. रिपोर्टकडे बघून नव्हे.

दुसरी चूक तारखांची. बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांची मुळं कोकणात आहेत. मे महिन्यात सावंतवाडी, दोडामार्गकडे जाऊन काजूच्या बागेत, रानात फिरून आलेली माणसं इथे परत येऊन तापाने पडली, तर माकडतापाचा, म्हणजे गोचिडीतूनच होणाऱ्या विषाणूच्या तापाचा, विचार व्हायला हवा. हा आजार १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण सापडले. डिसेंबर ते जून हा त्याचा हंगाम. गोचीड चावल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. आठवडा-दोन आठवड्यांत ताप उतरतो, आणि घरातले सुटलो म्हणतात. पण दहा ते वीस टक्के रुग्णांत मधे काही दिवस बरे गेल्यावर ताप पुन्हा उसळतो. डोकं फुटेल असं दुखणं, कंप, नजर अंधूक होणं, भ्रम ही मेंदूची लक्षणं तेव्हा दिसतात, साधारण तिसऱ्या आठवड्यात.

आता यात स्कॅन कुठे चुकतो बघा. पहिल्या तापात घाबरून एमआरआय काढला जातो, तो स्वच्छ येतो, फाइलला लागतो. मग तिसऱ्या आठवड्यात रुग्ण गोंधळलेला दिसायला लागला की घरचे, आणि कधीकधी डॉक्टरही, म्हणतात, "एमआरआय तर झालाय." तो झालाय खरा, पण पहिल्या टप्प्यात. दुसऱ्या टप्प्याचा मेंदू त्यात दिसणार कसा? नवं लक्षण आलं की नवा स्कॅन, हा नियम इथे खर्चाकडे बघून मोडू नये. रक्तालाही हेच लागू आहे: पहिल्या आठवड्यात खुद्द विषाणू शोधणाऱ्या पीसीआर तपासणीत तो सापडतो, नंतर आयजीएम, म्हणजे शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली प्रतिद्रव्यं, तपासावी लागतात. चुकीच्या दिवशी चुकीची तपासणी केली की निगेटिव्ह येते आणि सगळे निर्धास्त होतात.

माझी सगळ्यात कळकळीची विनंती रिक्वेस्ट फॉर्मबद्दल आहे. त्यावर नुसतं "ताप, फिट, एमआरआय ब्रेन" एवढंच लिहिलेलं असतं. एवढ्यावर आम्ही काय शोधायचं? ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, मधे उतरला होता का, गेल्या महिनाभरात रुग्ण कुठे गेला होता, रानात किंवा गोठ्यात वावरला का, गावात माकडं मेल्याचं कुणी बोललं का, हे चार ओळींत लिहा. डॉक्टर घाईत असतील तर नातेवाइकांनी एका कागदावर लिहून आणावं, मी तो आनंदाने वाचीन. "गोचीड चावली का?" याला "नाही" असं उत्तर आलं म्हणून विषय संपवू नका, चावा दुखत नाही आणि बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. शेजारच्या गुजराती घरात विचारायचं असेल तर "इतरडी" म्हणा. जर्मनी, चेक, पोलंडकडे शिकायला गेलेली मुलं सुट्टीत आली असतील तर तिथल्या रानातली भटकंती विचारा, आणि बकरीचं कच्चं दूध किंवा त्याचं चीज खाल्लं का तेही. युरोपातला तो मेंदूज्वर अशा दुधातूनही होतो.

बदल दिसले तरी घाई करू नये. टिक-बॉर्न एन्सेफलायटिसमध्ये ते बहुतेकदा थॅलॅमसमध्ये, म्हणजे मेंदूच्या खोल गाभ्यातल्या भागात असतात. शिवाय लहान मेंदू, ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ) आणि कॉडेट न्यूक्लियस या खोलातल्या भागातही दिसतात. पण दोन्ही बाजूंचा थॅलॅमस डासांतून होणाऱ्या जपानी मेंदूज्वरातही बिघडतो. मेंदूच्या खोल शिरांत गुठळी झाली तरी तोच भाग सुजतो, आणि त्या गुठळीवर उपचार आहे. म्हणून थॅलॅमस उजळलेला दिसला की व्हेनोग्राम, म्हणजे शिरांचा स्कॅन, जोडून घ्यावा. टेम्पोरल लोब, म्हणजे कानाजवळचा मेंदूचा भाग, बिघडलेला असेल तर आधी हर्पिस विषाणूच्या मेंदूज्वराचा विचार करावा. गुजरातमध्ये २०२४ साली मुलांमध्ये पसरलेला चांदीपुरा विषाणू गोचिडीचा नाही, सँडफ्लाय या बारीक चावऱ्या माशीतून येतो. या दोन्हींची गल्लत मी चर्चेत बरेचदा ऐकतो. चित्रावरून विषाणूचं नाव सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

"सीटी झालाय, पुरे" हेही चालत नाही. ताजा रक्तस्राव आणि मोठी सूज सीटीत पटकन दिसते, पण मेंदूज्वराचे सुरुवातीचे बदल निसटतात. एमआरआयमध्ये रुग्ण हलत असेल तर डिफ्युजन आणि फ्लेअर हे स्कॅनचे दोन प्रकार आधी उरकावेत. रुग्ण पुढे साथ देईल याची खात्री नसते, आणि सुरुवातीचा बदल बऱ्याचदा डिफ्युजनमध्येच पहिला दिसतो. रुग्णाची मान किंवा खांदे लुळे पडत असतील तर मानेच्या मणक्याचा एमआरआयही त्याच वेळी काढून घ्या. टिक-बॉर्न एन्सेफलायटिसमध्ये पोलिओसारखी कमजोरी बहुतेकदा तिथेच येते, आणि फक्त मेंदू बघितला तर ती सापडत नाही.

स्कॅनची वाट बघत उपचार थांबवणं ही मात्र जिवावर बेतणारी चूक. गोचिडीच्या या विषाणूंवर नेमकं औषध नाही हे खरं. पण हर्पिसवर ॲसायक्लोव्हिर आहे आणि स्क्रब टायफस या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापावर डॉक्सिसायक्लिन. हे दोन्ही आजार सुरुवातीला असेच दिसतात. शंका असेल तर औषध आधी सुरू होतं, एमआरआयचा नंबर लागेल तेव्हा लागेल. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली काळी खपली आहे का हे बघायला दोन मिनिटं लागतात. ती स्क्रब टायफसची खूण असू शकते. पाठीतलं पाणी काढण्याआधी सीटी सगळ्यांनाच लागत नाही. शुद्ध हरपत असेल, एका बाजूला कमजोरी असेल, नव्याने फिट आली असेल किंवा प्रतिकारशक्ती दबलेली असेल, तर आधी सीटी. प्लेटलेटचा आकडा मात्र प्रत्येकाचा बघायचा, कारण माकडतापात त्या घटतात.

गोचिडीतूनच पसरणारा काँगो ताप वेगळा मोजावा लागतो. भारतात तो पहिल्यांदा नक्की झाला तो गुजरातमध्येच, जानेवारी २०११ मध्ये, अहमदाबाद जिल्ह्यातल्या साणंद तालुक्यात. त्यात उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सही दगावले. इथे मोठी भीती डोक्यात रक्तस्राव होण्याची असते, म्हणून सीटी लगेच काढावा. पण रुग्णाच्या रक्तातून लागण होते. गुरं पाळणारा किंवा खाटकाचं काम करणारा माणूस ताप आणि हिरड्यांतून रक्त घेऊन आला, तर स्कॅन सेंटरला निघण्याआधी फोन करा. स्टाफला हातमोजे, गाऊन, चष्मा घालता येतो, खोली रिकामी ठेवता येते, सलाइनची सुई वॉर्डातच लावून घेता येते, आणि नंतर टेबल जंतुनाशकाने पुसेपर्यंत पुढचा रुग्ण बाहेर थांबवता येतो. गुरांच्या अंगावरची गोचीड उघड्या बोटांनी चिरडू नका, हे गोठ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा.