ड्राइव्हवेचा बर्फ : २५ एचपीचा ट्रॅक्टर आणि मागचा ब्लोअर

अमेरिकेतल्या बफेलोकडे लेक इफेक्टचा (मोठ्या सरोवरांवरून येणाऱ्या दमट वाऱ्यांमुळे पडणारा) बर्फ पडतो तेव्हा लोडरची, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या उचलयंत्राची, बकेट लवकरच अपुरी पडते. बर्फ नुसता कडेला ढकलला की जानेवारीपर्यंत कडेचे ढीग वाढून रस्ताच अरुंद होतो. म्हणून मागे, थ्री-पॉइंटला (अवजारं जोडायच्या तीन टोकांच्या जोडणीला), बर्फ आत ओढून दूर फेकणारा ब्लोअर जोडला. तो ५४० आरपीएमच्या पीटीओवर, म्हणजे इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर, चालतो. २५ एचपीच्या इंजिनातून पीटीओला १७-१८ एचपीच मिळते, त्यामुळे ५० इंच रुंदी पुरे. मात्र ती साखळ्या चढवलेल्या टायरांच्या बाहेरच्या मापापेक्षा जास्त हवी, नाहीतर चाकं बर्फ तुडवत जातात. गिअरचा ट्रॅक्टर या कामाला घेऊच नये, हायड्रोस्टॅटिकच घ्यावा, म्हणजे गिअर न बदलता पेडलने चाल कमी-जास्त करता येणारा.

ओला बर्फ चुटात (बर्फ बाहेर फेकणाऱ्या नळीत) अडकतो, कारण पंख्याचा वेग पडतो. पीटीओ ५४० वर राहील इतका थ्रॉटल ठेवून पेडल हलकं करायचं, म्हणजे ट्रॅक्टरची चाल कमी करायची. तरी तुंबलंच तर इंजिन बंद करून काठीनेच मोकळं करायचं, हात घालायचा नाही.

खडीवर ब्लोअरच्या स्किड शू (जमिनीवर टेकणाऱ्या आधारपट्ट्या) इंचभर खाली घेतल्या, म्हणजे ब्लोअरची कड खडीच्या वर राहते. शिअर बोल्ट (काही अडकलं की आधी स्वतः तुटून गिअरबॉक्स वाचवणारा बोल्ट) तुटत राहतो म्हणून तिथे कडक ग्रेडचा बोल्ट लावणं म्हणजे गिअरबॉक्सचा बळी. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच चार-पाच बोल्ट टूलबॉक्समध्ये ठेवावेत.