पेटंटच्या नोटिशीला चौघांचं एकच उत्तर

जळगावात केळीचे वेफर्स, कळण्याचं पीठ ऑनलाइन विकणाऱ्या आम्हा चौघांना सारखीच नोटीस: 'शॉपिंग कार्ट आमचं पेटंट, पैसे भरा.' शेजारीशेजारी ठेवल्यावर दिसलं, फक्त नावं बदललेली! एकेकट्याने उत्तर देऊ नका. आधी पेटंट नंबर मागा, इनपासवर (भारतीय पेटंट कार्यालयाची ऑनलाइन शोधसेवा) तपासा. आम्हाला दिलेला नंबर अमेरिकेच्या पेटंटचा निघाला. भारतातल्या विक्रीला ते लागूच नाही. भारतीय असेल तर पेटंट कायद्याचं कलम ३(के) बघा: निव्वळ संगणक प्रोग्रॅम किंवा धंद्याची पद्धत पेटंटयोग्य नाही. शोध नवा नव्हता हे दाखवायला, पेटंटच्या पहिल्या अर्जाआधीची तशीच पानं वेबॅक मशीनवरून (जुनी वेबपानं जपणारी साइट) काढा. पेटंटची मंजुरी प्रसिद्ध होऊन वर्ष उलटलं नसेल तर फॉर्म ७ भरून विरोध करा. वकील एकच, वर्गणी चौघांची. बिनबुडाच्या धमकीवर कलम १०६ खाली मनाई आणि भरपाई मागता येते. पण नुसतं 'पेटंट आहे' कळवणं धमकी ठरत नाही, म्हणून पैशांची मागणी असलेला मूळ कागद जपा.