मिटलेली मूठ उघडताना: मेंदू-यंत्र जोडणी आणि एक्सोस्केलेटन

अर्धांगवायूनंतर मिटलेली मूठ रोबोटिक एक्सोस्केलेटनने (हातावर बाहेरून बसवलेल्या यांत्रिक सांगाड्याने) शंभर वेळा उघडली, तरी त्या क्षणी रुग्णाने स्वतः प्रयत्न केला नसेल तर हाती फारसे काही लागत नाही. मनातला प्रयत्न आणि हाताची हालचाल यांची वेळ जुळावी, यासाठीच मेंदूचा सिग्नल ओळखून एक्सोस्केलेटन हलवणारी ही मेंदू-यंत्र जोडणी आहे. मराठवाड्यात असे उपचार सुरू करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांनी पुढील काळजी घ्यावी.

सुरुवात केसांपासून करावी. आपल्याकडे डोक्याला तेल चोपडून दवाखान्यात येण्याची सवय आहे. पण तेलामुळे मेंदूतील विजेचे सिग्नल टिपणाऱ्या ईईजी टोपीतील इलेक्ट्रोडचा त्वचेशी संपर्क बिघडतो, म्हणून रुग्णाला डोके धुऊन, केस कोरडे करून यायला सांगावे. मे महिन्यात घामानेही सिग्नल सरकतो, तेव्हा खोली थंड ठेवावी आणि विजेच्या ५० हर्ट्झच्या गोंगाटासाठी फिल्टर लावावा.

उजवा हात अधू असेल तर साधारणपणे डाव्या बाजूचा सी३ आणि डावा असेल तर उजवीकडचा सी४ इलेक्ट्रोड महत्त्वाचा ठरतो (सी३, सी४ ही टोपीवरील जागांची नावे). हालचालीची कल्पना करताच तेथील ८ ते १३ हर्ट्झच्या मेंदूलहरींची ताकद घटते. संगणक तीच घट ओळखतो. मेंदूची ती बाजू फार दुखावली असेल, तर निरोगी बाजूचा सिग्नल घेण्याचाही मार्ग आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इप्सिहँड हे उपकरण असेच चालते.

“हात उघडल्याची कल्पना करा” एवढ्याने काम भागत नाही, कारण रुग्ण बहुधा हाताचे चित्रच डोळ्यांपुढे आणतो. आपल्याला हवी असते ती स्पर्शाची आणि स्नायूंची जाणीव. “मावशी, भाकरी थापायला पंजा पसरलाय, तळव्याला ओलं पीठ लागतंय, असं मनात करा,” असे सांगावे. दात आवळू देऊ नयेत; जबड्याच्या स्नायूंचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलला झाकून टाकतो.

सिग्नलची मर्यादा, म्हणजे किती घट दिसल्यावर यंत्राने हात उघडावा, ही प्रत्येकाच्या विश्रांतीतील नोंदीवरून ठरवावी. ती सैल ठेवली तर रुग्णाचे लक्ष नसतानाही हात उघडतो आणि चुकीची सांगड शिकवली जाते; फार कडक ठेवली तर माणूस खचतो. माझ्या मते, सर्वाधिक वेळ येथेच द्यावा.

ताठर स्नायू झटक्याने ताणल्यास आणखी आखडतात, म्हणून वेग कमी ठेवावा. वीज गेल्यास हात लगेच मोकळा करता येतो का, हे आधी स्वतःच्या हातावर तपासावे. उपकरण उतरवल्यावर लगेच समोर पितळी तांब्या ठेवून, जमेल तितकी बोटे यंत्राविना उघडायला सांगावीत.