इतरांच्या नकारात्मकतेपासून मन जपताना या चुका टाळा

रात्री साडेनऊला फोन वाजायचा. माझ्या जवळच्या मैत्रिणीचा. ऑफिसात एक वरिष्ठ तिला सतत घालूनपाडून बोलायचा, आणि दिवसभर साचलेलं ती रात्री माझ्याकडे मोकळं करायची. पाऊण तास, कधी सव्वा तास. सहा-सात महिने हे चाललं. एका रात्री फोन ठेवला आणि लक्षात आलं, की माझा उजवा खांदा कानापर्यंत वर चढलाय, दाढा एकमेकींवर घट्ट बसल्यात आणि मुलगी वही हातात धरून दारात उभी आहे. तिला वहीला कव्हर घालून हवं होतं. मी तिच्यावर खेकसले. ज्या माणसाला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं, त्याचा राग माझ्या मुलीवर निघाला.

त्यानंतर ‘निगेटिव्ह लोकांपासून दूर राहा’ छापाचे सल्ले मी खूप वाचले आणि बरेचसे करूनही पाहिले. त्यातले बहुतेक माझ्या अंगाशी आले, कारण मुळात मैत्रिणीला टाळायचं कारणच नव्हतं. आमच्या बोलण्याला एक वळण लागलं होतं, आणि त्या वळणात निम्मा वाटा माझा होता. खालच्या चुका त्या निम्म्या वाट्याबद्दल आहेत, कारण तेवढाच आपल्या हातात असतो.

माणसावरच शिक्का मारणं

‘तो माणूसच निगेटिव्ह आहे’ असं एकदा म्हटलं की पुढचा विचार थांबतो. या एका शब्दात आपण चार अगदी वेगळी माणसं कोंबतो: दुःखात असलेला, तक्रारीची सवय जडलेला, आपली चूक दाखवणारा आणि जाणूनबुजून पाणउतारा करणारा. चौघांशी बोलून मन जडच होतं, पण उपाय एक नाही. दुःखात असलेल्याला आपला वेळ हवा असतो. रोज तीच तक्रार घेऊन येणाऱ्याला वेळ द्यायचा, पण मोजून. चूक दाखवणाऱ्याचं ऐकून घ्यायचं. निंदकाचे घर असावे शेजारी, हे त्याच्यासाठीच म्हटलंय. अंतर ठेवायचं ते चौथ्यापासून.

टीका आणि पाणउतारा यांत गोंधळ होत असेल, तर एवढंच बघा: त्या बोलण्यात तुम्हाला सुधारता येईल अशी एखादी नेमकी गोष्ट आहे का? ‘तुझ्या अहवालात तिसऱ्या पानावरचे आकडे जुळत नाहीत’ ही टीका झाली, ती झोंबली तरी उपयोगाची. ‘तुला कधी काही जमलंय का?’ यातून दुरुस्त करण्यासारखं काहीच हाती लागत नाही.

आणि एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. एरवी हसत-बोलत असणारं माणूस दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस सतत खिन्न असेल, कशातच रस उरला नसेल, झोप-भूक बिघडली असेल, ‘मी कुणाच्याच कामाचा नाही’ असं वारंवार बोलत असेल, तर ती नकारात्मक वृत्ती नसून नैराश्याचा आजार असू शकतो. अशा माणसापासून ‘स्वतःला वाचवण्यासाठी’ लांब जाऊ नका. त्याला डॉक्टरांकडे न्या, हवं तर सोबत जाऊन बसा. जीव द्यावासा वाटतो असं तो म्हणाला, तर उद्यावर ढकलू नका आणि त्याला एकटं सोडू नका.

लागण झाल्यावर जागं होणं

इलेन हॅटफिल्ड, जॉन कॅचिओपो आणि रिचर्ड रॅप्सन या अभ्यासकांनी १९९३ मध्ये भावनांच्या संसर्गाची उकल मांडली. समोरच्याचा चेहरा, आवाजाची पट्टी, बसण्याची ढब यांची आपण नकळत नक्कल करतो आणि आपल्याच शरीराची ती ठेवण उलट आपल्या मनाला तसा रंग देते. हे फार झपाट्याने होतं. म्हणून ‘मी मनावर घेणार नाही’ हा निश्चय कुचकामी ठरतो. मन ठरवेपर्यंत अंगाने ते घेतलेलं असतं.

त्यामुळे पहारा अंगावर ठेवा. माझी खूण खांदा. कुणाचा श्वास वरच्या वर चालतो, कुणाचं पोट आवळतं, कुणाचा पाय हलायला लागतो. आपली खूण सापडली की बोलणं चालू असतानाच खांदा खाली सोडता येतो, एक लांब उच्छ्वास टाकता येतो. मग त्या भावनेला नाव द्या. मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००७ मधल्या संशोधनात असं दिसलं, की भावनेला शब्दात पकडलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते. भीती-धोक्याची घंटा वाजवण्यात या भागाचा मोठा वाटा असतो. ‘मूड ऑफ झाला’ एवढ्यावर थांबू नका. आपल्या भाषेत उद्वेग आहे, धास्ती आहे, हिरमोड, घालमेल, तगमग, सल आहे. नेमका शब्द सापडला की ही घालमेल माझी आहे की फोनवरून आली, हेही उमगतं.

आगीत तेल ओतणं

ही माझी मुख्य चूक. मैत्रीण बोलायची आणि मी ‘हो ना!’, ‘काय माणूस आहे!’, ‘आणि परवा सगळ्यांसमोर काय म्हणाला होता तो?’ असं म्हणत राहायचे. मला वाटायचं, मी तिची बाजू घेतेय. खरं तर विझत आलेला विषय मीच पुन्हा फुंकत होते.

अमांडा रोझ या संशोधिकेने २००२ मध्ये शाळकरी मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास केला. दोन मित्र एकच त्रास पुन्हा पुन्हा उगाळत बसतात, त्याला तिने सह-चिंतन अशा अर्थाचं नाव दिलं. जिथे असं उगाळणं जास्त, तिथे मैत्री जास्त घट्ट होती आणि उदासी-चिंतेची लक्षणंही जास्त होती. म्हणूनच ही सवय सुटत नाही. जवळीक वाटते, आणि त्या जवळिकीच्या आडून मन जड होत जातं.

‘बोलू दे, मोकळी होईल’ यालाही मर्यादा आहे. त्याच वर्षी ब्रॅड बुशमन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. आधी चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं. काहींना नुसतं बसवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग जास्त राहिला. राग बाहेर काढताना तो आठवत राहिलं, तर तो निघत नाही, मुरतो.

मग मी काय बदललं? फोन उचलल्यावर आधी विचारायला लागले, ‘आज नुसतं ऐकू, की काय करायचं ते बघूया?’ या एका प्रश्नाने तिलाही थांबून विचार करावा लागायचा. ‘मग पुढे काय म्हणाला?’ हे विचारणं मी बंद केलं. त्याऐवजी थोड्या वेळाने ‘मग तू उद्या काय करायचं म्हणतेस?’ आणि सुरुवातीलाच सांगायचे, ‘माझ्याकडे वीस मिनिटं आहेत, पण ती पूर्ण तुझी.’

पहिल्या आठवड्यात तिला लागलं. ‘तुलाही माझा कंटाळा आला ना?’ असं तिने सरळ विचारलं. मी म्हटलं, ‘कंटाळा नाही गं. रोज तेच बोलून तुझं ओझं उतरत नाहीये आणि माझी झोप उडतेय. तू मला हवी आहेस म्हणून बोलतेय.’ ती बराच वेळ गप्प होती. त्यानंतर चार दिवस फोन आला नाही. ते चार दिवस मला जड गेले, पण मी घाईने फोन करून शब्द मागे घेतले नाहीत. पाचव्या दिवशी तिने केला, आणि पहिल्यांदाच नोकरी बदलण्याबद्दल बोलली.

दुसऱ्याचं दुःख स्वतः भोगणं

समोरचा रडतोय तर आपल्यालाही तेवढंच दुखलं पाहिजे, नाहीतर आपण कोरडे, असं कित्येकांना वाटतं. आजारी माणसाची सेवा करणारे यात फार भरडले जातात. टानिया सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत यातना सोसणाऱ्या माणसांची दृश्यं दाखवून दोन प्रकारचं प्रशिक्षण दिलं गेलं. दुसऱ्याची वेदना स्वतःत अनुभवायचा सराव केल्यावर लोक जास्त खिन्न झाले. त्याच लोकांनी नंतर करुणेचा, म्हणजे ‘याचं बरं व्हावं’ या भावनेचा सराव केला, तेव्हा ती खिन्नता ओसरली आणि प्रसन्नता वाढली. आपल्याकडे यासाठी ‘कळवळा’ हा किती सुंदर शब्द आहे! कळवळा असणाऱ्याचं लक्ष समोरच्यावर असतं. नुसतं सोबत दुखणाऱ्याचं लक्ष हळूहळू स्वतःच्या दुखण्यावर जातं, आणि मग पळून जावंसं वाटतं.

गिळून टाकणं

वाद नको म्हणून चेहरा निर्विकार ठेवायचा आणि आतल्या आत धुमसायचं. जेम्स ग्रॉस यांच्या प्रयोगांत दिसलं, की चेहऱ्यावर काही दिसू न देणाऱ्याची आतली भावना कमी होत नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढतो. २००३ मधल्या एका अभ्यासात स्त्रियांच्या जोड्यांना त्रासदायक चित्रफितीवर बोलायला सांगितलं. एकीने भावना दाबल्या की दुसरीचाही रक्तदाब वाढत होता. म्हणजे गप्प बसून आपण शांतता राखतोय, हा निव्वळ समज आहे. ‘हे ऐकून मला त्रास होतोय, जरा विषय बदलूया’ एवढं साधं वाक्य पुरतं.

याचीच दुसरी बाजू म्हणजे ‘सगळं छान होईल, पॉझिटिव्ह राहा’ असं म्हणून समोरच्याचं तोंड बंद करणं. आपलं ऐकलं गेलं नाही असं वाटलेला माणूस तीच गोष्ट आणखी मोठ्याने सांगतो. आधी एकदा नीट ऐकून घेतलंत, तर तुमचाच वेळ वाचेल.

मर्यादा सांगणं, पण पाळणं नाही

‘मी स्पष्ट सांगून पाहिलं, काही उपयोग झाला नाही’ हे मी फार वेळा ऐकलंय. थोडं खोदलं की कळतं, सांगितल्यानंतर तीनदा फोन घेतला नाही आणि चौथ्यांदा अपराधी वाटून तासभर बोललं. अधूनमधून मिळणाऱ्या प्रतिसादाने सवय अधिक चिवट होते, हे वर्तनाच्या अभ्यासात पक्कं ठाऊक आहे. चौथा फोन घेऊन आपण नकळत शिकवतो, की नेट लावला की दार उघडतं. शिवाय प्रतिसाद थांबला की तगादा कमी होण्याआधी बऱ्याचदा वाढतो. रुसवा, टोमणे, ‘तू बदललीस’. लोक नेमके इथेच हार मानतात. उपाय असा, की मर्यादा लहान घ्या, पण पाळता येईल अशीच घ्या. ‘रात्री नऊनंतर फोन नाही’ हे जमणारं आहे. ‘यापुढे तुझ्या तक्रारी ऐकणार नाही’ हे दोन दिवसही टिकत नाही. आणि लांबलचक स्पष्टीकरण देऊ नका. प्रत्येक कारणावर वाद घालता येतो.

मोबाइलच्या पडद्यावरून येणारं विष वेगळं. फेसबुकवरचा ६,८९,००३ लोकांवर झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना न विचारता केल्याबद्दल त्यावर रास्त टीकाही झाली. सकारात्मक पोस्ट कमी दाखवल्यावर लोकांच्या स्वतःच्या लिखाणातही नकारात्मक शब्द वाढले, पण हा परिणाम फारच लहान होता. म्हणून सगळी अॅप काढून टाकण्यापेक्षा, ज्या दोन-तीन ग्रुपमधून बाहेर पडल्यावर दरवेळी मन खट्टू होतं, तेवढे म्यूट करा.

सगळं सोसण्यासारखंच आहे असं मानणं

वरचं काहीही तिथे लागू होत नाही, जिथे समोरचा तुम्हाला धमकावतो, हात उगारतो, पैसे किंवा फोन काढून घेतो, तुम्ही कुणाला भेटायचं यावर पहारा ठेवतो. तिथे श्वास, नावं, वीस मिनिटं यांतलं काही पुरणार नाही, आणि ते पुरत नाही यात तुमची चूक नाही. त्याला समजावून सांगण्याआधी आपल्या विश्वासातल्या एका तरी माणसाला सांगा. समुपदेशक, वकील, पोलीस यांपैकी ज्याची गरज असेल तिथे त्या विश्वासातल्या माणसाला सोबत न्या. आणि काय काय घडलं ते तारीख-वेळेसह, धमकावणाऱ्याच्या हाती लागणार नाही अशा जागी लिहून ठेवा. सततच्या पाणउताऱ्यात माणसाचा स्वतःच्या आठवणीवरचाही विश्वास उडतो. तेव्हा आपल्याच अक्षरातलं ते पान धरायला लागतं.