टाकीतलं मीठ उडत नाही

मुलुंड-भांडुपच्या खाडीकडे मिठागरं आहेत. उन्हाने पाणी उडतं, मीठ खाली राहतं. लहानपणापासून हे बघत आलेली मी, आणि तरी माझ्या समुद्री माशांच्या खाऱ्या टाकीत पहिले पंधरा दिवस उडालेल्या पाण्याच्या जागी खारंच पाणी ओतत होते. टाकी दोनशे लिटरची, दिवसाला दीडेक लिटर पाणी उडायचं. क्लाउनफिश मलूल दिसायला लागला तेव्हा मोजलं, तर घनता १.०२५ वरून १.०२८ वर!

तर आधी हेच. पातळी उतरली की गोडं पाणी घालायचं, तेही आरओ-डीआयचं, म्हणजे क्षार पार गाळून काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य दाखवणारं. सम्पमध्ये, म्हणजे मोठ्या टाकीखालच्या छोट्या टाकीत, जिथे पाणी वर परत पाठवणारा पंप बसतो त्या कप्प्यावर मी मार्करने रेघ मारलीय. सकाळी चहाचं आधण ठेवलं की रेघेपर्यंत पाणी भरते. मीठ चढलेलं असेल तर घाईने एका दिवसात उतरवू नका, चार-पाच दिवस जाऊ द्या. आणि रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) ३५ पीपीटीच्या, म्हणजे हजार भागांत ३५ भाग मिठाच्या, तयार द्रावणावर जुळवून घ्या. माझा साध्या पाण्यावर बरोबर शून्य दाखवायचा आणि खाऱ्या पाण्यात मात्र चुकायचा.

आता स्किमर. वरण शिजताना वर आलेला फेस आपण डावाने काढतो, तेच काम हा करतो. बारीक बुडबुड्यांना चिकटून माशांची घाण वर चढते आणि कपात पडते, म्हणजे ती कुजून अमोनिया व्हायच्या आतच बाहेर. कपातलं पाणी कोऱ्या चहासारखं हवं. फिकट आणि भराभर भरत असेल तर स्किमरमधली पातळी थोडी उतरवा. नवा स्किमर आठवडाभर वेड्यासारखा वागतो, तेव्हा त्याच्या नादी लागू नका. कपाच्या गळ्याला चिकट थर धरतो आणि फेस तिथेच मोडतो. दर तीन दिवसांनी तो गळा पुसते. साबण अजिबात नाही. एकदा डोक्याला तेल चोळून तसाच हात टाकीत घातला, तर फेस संध्याकाळपर्यंत उठलाच नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझं वरण आज उकळेना वाटतं."

हवेच्या नळीत मीठ साचून बुडबुडे मंदावतात, तेव्हा नळीत थोडं कोमट पाणी सोडायचं. तीन-चार महिन्यांनी पंप सोडवून पातळ व्हिनेगरमध्ये तासभर ठेवायचा.

गाळणीचं कापड तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. अडकलेली घाण पाण्यातच असते आणि तिथेच कुजते. मात्र टाकीतले दगड आणि सिरॅमिकच्या नळ्या नळाखाली धरायच्या नाहीत. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू तिथेच राहतात. क्लोरीन लागलं की मरतात. धुवायचंच झालं तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच हलवा. या जिवाणूंचं बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य येईपर्यंत मासा आणू नका, दुकानदार काहीही म्हणो. आणि दगड म्हणून कुणी प्रवाळ देऊ केलं तर सरळ नाही म्हणा. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे.

रविवारी वीस लिटर पाणी बदलते. आदल्या रात्री बादलीत पाणी घेऊन त्यात टाकीसाठीचं समुद्री मीठ घालते (आधी मीठ आणि मग पाणी असं केलं तर ते गढूळच राहतं). लिटरमागे ३५ ते ४० ग्रॅम. छोटा पंप रात्रभर फिरत ठेवायचा आणि सकाळी मोजायचं.

वीज जाते त्याची तालीम पहिल्याच दिवशी करा. पंप बंद करून बघत बसा, वरचं पाणी सम्पमध्ये उतरतं. सम्पमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर ते खालच्यांच्या छतातून गळतं. आमचं गळलं होतं, दिवाळीच्या रंगानंतर आठवड्याने. परतीच्या नळीचं तोंड आता पाण्याच्या पृष्ठभागालगत ठेवलंय, म्हणजे पातळी थोडी उतरली की नळी हवा ओढते आणि उलटा प्रवाह तुटतो. शिवाय बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी असतो. वायर बोर्डापर्यंत नेताना खाली झोळ सोडा, नाहीतर थेंब वायरवरून थेट प्लगात.

मे महिन्यात सम्पवर दोन पंखे लावते, पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. पण मग पाणीही दुपटीने उडतं, आणि मार्करच्या रेघेकडे सकाळ-संध्याकाळ बघावं लागतं.