कोल्हापूरहून कच्छच्या घळींकडे: फोर बाय फोर नेताना

लाल चिखलातून गाडी काढायला कोल्हापूरकराला कुणी शिकवावं लागत नाही. गगनबावड्याच्या बाजूला दोन-चार पावसाळे गाडी चालवली की हात बसतो: वेग तोडायचा नाही, चाक फिरतं ठेवायचं, खाली मुरूम लागला की गाडी निघते. कच्छच्या कोरड्या नदीपात्रात नेमकी हीच सवय नडते. वाळूत चाक जागेवर फिरलं की ते स्वतःपुरता खड्डा खणतं आणि काही सेकंदांत गाडी पोटावर बसते. तेव्हा निघण्याआधी एवढं पक्कं करा: चाक घसरतंय असं वाटलं की ॲक्सिलरेटर सोडायचा, दाबायचा नाही.

जायचं कुठं? कडिया ध्रो भुजपासून चाळीसेक किलोमीटरवर, नखत्राणा तालुक्याच्या बाजूला आहे. ध्रो म्हणजे आपला डोह. निघोजचे रांजणखळगे पाहिले असतील तर इथली घडण लगेच ओळखू येईल, कारण पाण्याच्या भोवऱ्यात गोटे फिरून दगड कोरला जातो तो तसाच. फरक दगडाचा. निघोजला काळा कातळ, इथं तांबूस-पिवळा वालुकाश्म, थरावर थर रचलेला. २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या पर्यटनस्थळांच्या यादीत नाव आल्यापासून रविवारी वर्दळ असते, म्हणून मंगळवार-बुधवार धरा. खारी नदीची घळ भुजच्या वेशीवरच आहे, ती पहिल्या सकाळी उरकते. माता नो मढजवळची लाल-पांढरी माती तिसरी. तिथं जारोसाइट नावाचं खनिज आहे, जे २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी यानाला मंगळावर सापडलं होतं. त्या मातीवर गाडी घालू नका, चाकाचा व्रण वर्षानुवर्षं राहतो. पांढऱ्या रणासाठी परवाना आणि फी लागते. या घळींना सहसा तसं काही नसतं, पण वाट शेताच्या बांधावरून जात असेल तर गावात विचारूनच पुढं जा. "ध्रो जवानो रस्तो क्यां छे?" एवढं गुजराती पुरतं.

भुज साधारण १२०० किलोमीटर. पहाटे चारला निघून पहिला मुक्काम सुरत-भरूचच्या आसपास, दुसऱ्या दिवशी सूरजबारीचा पूल ओलांडून कच्छमध्ये. जाता-येता चार दिवस, तिथं तीन. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. ऑक्टोबरात पात्रं अजून ओली असू शकतात आणि मार्चनंतर दगड तापतो. गुजरातेत दारूबंदी आहे, गाडीत बाटली नको.

गाडीची तयारी इथंच करा. पोटाखाली स्किड प्लेट, म्हणजे दगडाचा मार झेलणारा जाड पत्रा, नसेल तर उद्यमनगरात ४ मिलिमीटर पत्र्याची बनवून मिळते. ऑइल बदलण्यासाठी तिला भोक ठेवायला सांगा, नाहीतर दर सर्व्हिसला अख्खी प्लेट उतरवावी लागते. बोल्ट चासीलाच हवेत, इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याला (ऑइल संप) नकोत.

खरा शत्रू आहे वेडी बाभूळ. कच्छी लोक तिला गांडो बावळ म्हणतात. तिचा काटा बोटभर लांब आणि सुकला की खिळ्यासारखा टणक. वाटेच्या दोन्ही कडांना छाटलेल्या फांद्या पडलेल्या असतात आणि समोरून गाडी आली म्हणून कडेला घेतलं की घात होतो. अशा वेळी खाली उतरून फांद्या बाजूला ओढा. काटा टायरच्या तळव्यात शिरला तर लगेच उपटू नका. आधी साबणाचं पाणी टाका. बुडबुडे नसतील तर काटा नुसता रबरात आहे, पकडीनं सरळ ओढून काढा. बुडबुडे येत असतील तर पंक्चरचं सामान हाताशी मांडून मगच काढा: कानशीसारखी दातेरी सळई फिरवून भोक मोकळं करायचं, पट्टीला सोल्युशन लावायचं, पट्टी सुईत ओवून दोन तृतीयांश आत घालायची आणि सुई झटक्यात बाहेर. काटा बाजूच्या भिंतीत घुसला असेल तर पट्टी टिकत नाही, स्टेपनीच लावावी लागते. म्हणून पट्ट्या पंधरा आणि शक्य असेल तर स्टेपन्या दोन.

हवेचा हिशेब असा. दारावरच्या स्टिकरवरचा आकडा डांबरासाठी. दगडी वाटेवर २४ ते २६ पीएसआय, पात्रातल्या सुक्या वाळूत १६ ते १८. पंधराच्या खाली गेलात तर वळणावर टायर रिमवरून निसटू शकतो. हवा कमी असताना ताशी ४० च्या वर जायचं नाही आणि झटक्यात वळायचं नाही. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला क्लिपनं जोडायचा असेल तोच घ्या. लायटरच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो. हवा मोजायचा गेज वेगळा ठेवा.

वाळूत शिरण्याआधीच फोर हाय (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग) लावा, रुतल्यावर नव्हे. दगडाच्या पायऱ्या उतरताना फोर लो (चारही चाकांना जोर, पण संथ) आणि पहिला गिअर, ब्रेकवर पाय नको, इंजिनच गाडी धरतं. डांबरावर आल्यावर टू हाय (दोनच चाकांना जोर) करायला विसरलात तर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात, वळताना स्टिअरिंग जड होतं आणि ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीवर, ताण येतो. थार, जिमनी, गुरखा तिन्हींना हे लागू आहे.

काठाशी गाडी नेऊ नका. वालुकाश्माचा वरचा थर धड दिसतो आणि खालचा पाण्यानं पोखरलेला असतो. पावसानंतर दोन-तीन दिवस तर हा दगड मऊच राहतो. चाकोरी दगडावर संपली की गाडी तिथंच लावून उरलेलं अंतर चालत जा. डोहात पोहू नका. काठ गुळगुळीत, आतला दगड पोखरलेला, बाहेर यायला पकड मिळत नाही. इथं माणसं बुडाली आहेत.

रुतलात तर आधी फावडं. चारही चाकांमागची वाळू उतरती काढा, पोटाखालची मोकळी करा, मग हवा १५ वर आणून हळू मागं घ्या, आलात त्याच चाकोरीतून. जॅक लावायचा तर खाली फूटभर लांब-रुंद जाड फळी हवी, नाहीतर गाडीऐवजी जॅकच खाली जातो. दुसऱ्या गाडीनं ओढताना ९ मीटरचा कायनेटिक (ताणला जाणारा) दोर आणि चासीला जोडलेला हुक वापरा. बंपरमधल्या आट्यांच्या कडीला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला दोर लावायचा नाही. झटक्यानं कडी किंवा गोळा तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. बाकीच्यांनी दोराच्या दीडपट लांब उभं राहावं. म्हणूनच एकट्या गाडीनं जाऊ नये, दोन तरी हव्यात.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर. डिझेल-पेट्रोल नखत्राण्यात टाकी भरूनच पुढं. फोर लोमध्ये ॲव्हरेज निम्म्यावर येतं. खायला भडंग आणि चटणी-भाकरी न्या, शिजवायला आग पेटवावी लागत नाही. नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवा.

रणाच्या कडेला पांढरी सपाट जमीन दिसली की गाडी पळवायचा मोह होतो. वर मिठाची पापडी, खाली ओला गाळ. तिथं रुतलेली गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, आणि ट्रॅक्टरही रुततो. चालत जाऊन टाच मारून बघा. पापडी फुटून ओल वर आली तर मागं फिरा.

परत येताना डांबरावर चढण्याआधी हवा भरा. घरी आल्यावर गाडी लिफ्टवर घेऊन पोट साध्या पाण्यानं धुवा, चासीच्या पोकळ भागातही पाणी सोडा, मीठ तिथंच बसतं. एअर फिल्टर आतून बाहेर हवा मारून झाडा, आणि टायर बदलताना भिंतींवरून हात फिरवा: मोडलेला काटा महिन्याभरानंही आत सरकतो.